रस्त्याच्या अलीकडचा पगार

॥ श्री ॥

धुळे,
१२ जानेवारी २०२४

चि. अभिमन यास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोस्टातली पोरं तिकिटावर शिक्का मारायला विसरली होती. ते तिकीट मी वाफेवर धरून काढून घेतलं आहे. पुढचं तुला सांगत नाही, पण या पाकिटावरचं तिकीट जरा वाकडं दिसलं तर गप्प बस.

रविवारी सूनबाई पुनम मला विचारत होती की हल्ली पत्र कोण लिहितं. मी तिला सांगितलं, कापसाच्या जिनिंगने माझे कान खाल्ले आणि डाळ मिलने तुझ्या मामेसासऱ्याचे. फोनवर तो हॅलो म्हणतो, मी हॅलो म्हणते, आणि जेवण झालं का एवढं विचारून दोघं ठेवून देतो. त्यापेक्षा कागद बरा. त्याच्यापुढे ओरडावं लागत नाही. एसटीच्या पाट्या वाचून शिकलेली माझी अक्षरं तुला लागतात हेच खूप.

प्रेमराज रविवारी बायको-पोरीला घेऊन येऊन गेला. त्यांच्या चटईच्या कारखान्यात युनियनचा करार झाला, तीन वर्षांची वाढ पदरात पडली. पोरगा खूश होता. भूमिका दिवसभर अंगणात नाचली. आणि तू लिहिलंस की त्याच संध्याकाळी तुमच्या शेठनेही मिलमध्ये सगळ्यांना बोलावून वाढ दिली. कोणी मागितलं नाही, झेंडा नाही, घोषणा नाही. सगळेच शेठ सारखे नसतात असं तू दोनदा लिहिलं आहेस.

तुझं पत्र मी प्रेमराजला वाचायला दिलं तर तो हसत सुटला. म्हणाला, मामाची मंडळी दर तीन वर्षांनी आमच्या चुलीवर भाकरी शेकून नेते आणि सरपणाची एक काडी आणत नाही. मी त्याला दटावलं. मामाबद्दल असं बोलू नये. पण अभिमन, रात्री डोक्यात ते फिरत राहिलं. मी तीस वर्षं जिनिंगमध्ये काढली. आमच्या समोर कोणता कारखाना नव्हता, युनियन नव्हती, नुसता नाला होता. आमच्या मालकाला तीस वर्षांत कधी आपणहून वाढ आठवली नाही. मग तुझ्या शेठला नेमकी त्याच संध्याकाळी बरी आठवते? रागावू नकोस. म्हातारीच्या डोक्यातला किडा समज.

संक्रांतीचे तिळाचे लाडू जळगावला जाणाऱ्या मगनच्या हाती धाडते. मगन म्हणजे आपल्या गल्लीतला धान्याच्या गाळ्याचा. चार लाडू कमी भरले तर त्याला विचार, मला नको.

लोभ आहे तो तसाच चालू दे, त्यात खाडा नको.

तुझी अक्का,
भागाबाई

---

जळगाव,
२० जानेवारी २०२४

ती. अक्कास,
अभिमनचा शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. सहा कमी होते. मगनला विचारलं तर तो म्हणाला, रस्ता खराब होता.

तुझ्या किड्याचं उत्तर देतो. प्रेमराजचं तू मनावर घेऊ नकोस. तीस-बत्तीसच्या वयात सगळ्यांना वाटतं की सूर्य आपल्या युनियनमुळे उगवतो. मागच्या करारावेळी त्यांनी कामबंद केलं होतं तेव्हा हा वाघ तीन आठवडे दोन्ही वेळा माझ्याकडे जेवला होता. तेव्हा चूल कोणाची होती ते त्याला विचार. तुझी भावजय कोकिळा तेव्हा हयात होती. ती त्याला गरम भाकरी वाढायची आणि म्हणायची की खा, झेंड्याला पीठ लागतं.

आमचं कसं चालतं ते सांगतो. रस्त्याच्या पलीकडे त्यांचं गेट, अलीकडे आमचं. तिकडे करार झाला की फटाक्यांची माळ लागते. इकडे शेठ वजनकाट्यावर माझ्यापाशी येतात आणि विचारतात, किती झालं समोर? मी सांगतो. मग संध्याकाळी पोती उचलणारे, चाळणीवरचे, डाळ निवडणाऱ्या बायका, सगळ्यांना पटांगणात बोलावतात. जिलेबी-पापडी असते. समोर रुपया झाला असेल तर आमचे साठ-सत्तर पैसे होतात. वर्गणी नाही, मोर्चा नाही, एका दिवसाची मजुरी बुडत नाही. आमचा हमाल नासीर म्हणतो की लग्न त्यांचं, पंगत आपली. निवडणाऱ्या बायकांमध्ये सुगराबी सगळ्यांत जुनी आहे. ती जिलेबी हातात घेऊन रस्त्याकडे बघते आणि म्हणते, अल्ला समोरच्यांना असाच राग देत राहो.

तेव्हा अक्का, हे शेठच्या मनात येतं की समोरच्या फटाक्याने येतं याचा विचार मी करत नाही. येतं ना, मग झालं. शेठ माणूस गोड आहे. कोकिळेच्या दवाखान्याच्या वेळी न विचारता गाडी दिली होती. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या काट्यावर बसतो आहे. आजवर किलोभराची फिरवाफिरव माझ्या हातून झाली नाही, आणि त्यांच्या तोंडून वाकडा शब्द आला नाही.

गुडघ्याला तेल लाव. एरंडाचं लाव, टीव्हीवरचं नको.

लोभाचं वजन कमी भरू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
अभिमन

---

जळगाव,
१८ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
शि. सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून लिहितो. आमचा कारखाना बंद झाला. मालकाने सगळं दुसऱ्या राज्यात न्यायचं ठरवलं. गेटवर नोटीस लागली. युनियनने वकील केला आहे. हिशोबाचे पैसे मिळतील, पण कधी ते वकीलही सांगत नाही.

मशीन ट्रकवर चढवत होते तेव्हा आम्ही बाहेर उभे होतो. माझा माग चढवताना दोर ढिला झाला आणि तो एका अंगाला कलला. मी सवयीने पुढे होऊन हात लावला आणि नीट बसेपर्यंत धरून ठेवला. मग ट्रक गेला. बाकीचे माझ्याकडे बघत होते. 

खोली सोडतो आहे. मी मामांकडे राहीन. पुनमला आणि भूमिकेला तुझ्याकडे धाडतो. भूमिकेची इथली शाळा सुटते, पण मोठी शाळा नाही, बालवाडीच आहे.

तू काळजी करशील. करू नको. मला झोप लागते, भूकही वेळेवर लागते. तेवढंच विचित्र वाटतं.

प्रेमराज

---

धुळे,
५ सप्टेंबर २०२४

चि. अभिमन यास,
अक्काचे अ. उ. आ.

पोळा झाला. पुरणपोळ्या केल्या. पुनमने दोन खाल्ल्या आणि ताट घासायला उठली. पोर गुणाची आहे, तोंडातून तक्रार नाही. पण रोज दुपारी दारात बसून रस्त्याकडे बघते. भूमिका मला विचारते, पप्पांचा कारखाना ट्रकमध्ये बसून कुठे गेला? मी सांगते, गावाला. मग ती विचारते, परत कधी येईल? मी तिच्या हातात शेंगदाणे देते.

घरात सगळं बठ्ठं आहे. दाळ आहे, दादर ज्वारी आहे, पापडाचं काम मिळतं. खायची अडचण नाही. पण अभिमन, नवरा एका गावी आणि बायको-पोर दुसऱ्या गावी, ही मांडणी मला बघवत नाही. मी स्वतः तशी सहा वर्षं काढली आहेत, तुला ठाऊक आहे. ती तिघं एका छपराखाली आली पाहिजेत. बाकी मला काही मागायचं नाही.

तुझ्या शेठकडे शब्द टाक. एवढी वर्षं तू त्यांच्याकडे काही मागितलं नाहीस, आता माग. आणि मागताना आकड्याचं बोलू नकोस. युनियनवाला म्हणून ते आधीच बिचकतील. हात जोडून एवढंच सांग की पोरगा कामाचा आहे, पगाराचं तोंड उघडणार नाही, तुम्ही जे द्याल ते पदरात घेईल. मागणाऱ्याने आकडा सांगू नये, देणाऱ्याचा हात मोकळा ठेवावा, असं आपली आई म्हणायची. देणाऱ्याला लाज असते, तो कमी देत नाही.

प्रेमराजला हे मी सांगितलेलं कळू देऊ नकोस. त्याला राग येईल.

तुझ्यावरचा लोभ जुनाच आहे, आज फक्त त्याला कामाला लावते आहे.

तुझी अक्का,
भागाबाई

---

जळगाव,
१९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं काम झालं. प्रेमराज सोमवारपासून आमच्या मिलमध्ये चाळणीवर आहे.

तू सांगितलंस तसंच मी बोललो. शेठ पूजा करून आले होते. त्यांनी आधी विचारलं, समोर त्याला काय मिळत होतं. मी सांगितलं. मग विचारलं की इथे काय घेईल. मी हात जोडून म्हटलं, तुम्ही जे द्याल ते घेईल.  शेठने पुन्हा विचारलं, जे देईन ते? मी हो म्हटलं. त्यांनी मुनीमजींना आत बोलावलं आणि माझ्यासमोर त्यांना सांगितलं की अभिमनभाऊ म्हणतात, समोरची माणसं आता जे द्याल ते घेतात. मी म्हटलं, समोरची नाही, माझा भाचा. पण माझा आवाज त्यांना ऐकू आला की नाही कोण जाणे. चाळण चालू होती.

नासीरला चारशे ऐंशी रोज मिळतो. प्रेमराजचा तीनशे ऐंशी ठरला. मला थोडं कमी वाटलं, पण सुरुवात आहे. पुढे समोर करार होईल तेव्हा वाढेल, असं मनात आलं. मग लक्षात आलं की समोर आता कोणी नाही.

प्रेमराजने आकडा ऐकला आणि मान हलवली. पहिल्या दिवशी नासीरने त्याची फिरकी घेतली. म्हणाला, या पाहुणे, चुलीसकट आलात का? प्रेमराजही हसला. पूर्वीचा प्रेमराज असता तर चार शब्द परत दिले असते.

पुनमला सांग, दिवाळीपर्यंत खोली बघतो.

लोभ राहू दे. तो मागायला कोणाकडे शब्द टाकावा लागू नये.

तुझा,
अभिमन

---

जळगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर लिहितो म्हटलं होतं. लिहायला बसलो की उठत होतो. सरळ सांगतो.

प्रेमराज लागला हे चटईवाल्यांना कळलं. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी आमच्या गेटवर माणसं उभी राहू लागली. आधी पाच-सात, मग तीस-चाळीस. सगळे ओळखीचे चेहरे. ज्यांच्या फटाक्यांचा कागद उडून आमच्या तुरीत पडायचा तेच हे. मुनीमजी बाहेर जाऊन विचारायचे, काय घेणार? आणि ते म्हणायचे, प्रेमराज घेतो तेवढं.

दिवाळीनंतर शेठने सगळ्यांना पटांगणात बोलावलं. जिलेबी नव्हती. म्हणाले, बाजार पडला आहे, सोमवारपासून सगळ्यांना नवा भाव. ज्याला परवडत नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही, गेट उघडं आहे आणि गेटवर माणसंही आहेत. नासीरने विचारलं की हा भाव काढला कोणी. शेठ रागावले नाहीत. गोडच बोलले. म्हणाले, मी नाही काढला भाऊ, तुमच्याच अभिमनभाऊंनी आणून दिला, त्यांना विचारा.

माझाही कमी झाला. ते सोड. बायकांच्या सहा जागा होत्या, त्यांतल्या दोन कमी केल्या. त्यांच्या जागी चटईवाली दोन पोरं निवडायला बसवली. तरुण पोरं, बायकांच्या मजुरीत. सुगराबी गेली. जाताना काट्यापाशी थांबली. मला वाटलं शिव्या देईल. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, भाऊ, भाच्यासाठी मागायला गेला होतात तर भाच्याचं मागायचं, आमचं कशाला देऊन आलात?



दुपारी आम्ही सगळे लिंबाखाली डबा खायचो. आता मी बसलो की नासीर उठून नळाकडे जातो. भांडण नाही. विचारलं तर बोलतो. प्रेमराज माझ्याशेजारी बसतो. दोघं खातो आणि उठतो. समोरच्या गेटला कुलूप आहे, आत गवत वाढलं आहे.

तू विचारशील, वाईट वाटतं का. अक्का, सांगता येत नाही. पोतं काट्यावर येतं, आकडा बघतो, सांगतो, पोतं जातं. संध्याकाळ होते.

पुनमची खोली राहिली. या पगारात खोली होत नाही.

लोभ ठेव. कमी ठेवलास तरी चालेल.

तुझा,
अभिमन

---

धुळे,
२ डिसेंबर २०२४

चि. प्रेमराज यास,
आईचे अ. उ. आ.

मामाचं पत्र आलं. त्याला ते शब्द मी शिकवले होते, हे तुला माहीत नसेल तर आता माहीत असू दे. माझ्या मेलीच्या तोंडाने चांगल्यासाठी बोलायला गेले आणि दोन बायकांच्या भाकरीत माती पडली. तुझ्या पगारात तुमची तिघांची पंगत बसवायला निघाले होते, ती तर बसलीच नाही.

तू ते काम सोड आणि इकडे ये. तू सुटलास की शेठ सुगराबीला परत घेईल आणि मामाच्या तोंडावरचा काळिमा जाईल. आपलं कसंही होईल. पुनमलाही मी विचारलं. ती हो म्हणाली. तिला दुसरं काही म्हणता येत नाही म्हणून म्हणाली असेल.

भूमिका आता माझ्याजवळ झोपते. तुझ्याबद्दल विचारायचं तिने थांबवलं आहे, हे चांगलं की वाईट ते मला कळत नाही.

आई

---

जळगाव,
११ डिसेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं. तुझ्यावर मी रागावलेलो नाही. तू नसतं सांगितलंस तरी महिनाभरात दुसऱ्या कोणीतरी तेच बोललं असतं. आम्ही दीडशे जण एकदम रस्त्यावर आलो. दीडशे रिकामी पोटं एका रस्त्यावर उभी राहिली की भाव पडतोच. तुझ्या बोलण्याने तो चार आठवडे लवकर पडला, एवढंच.

मी सोडून उपयोग नाही. मी सुटलो तर त्या जागी साडेतीनशेचा येईल, सुगराबी नाही येणार. आई, शेठ आधी वाढ द्यायचे ती आम्हाला घाबरून. त्यांना वाटायचं की आपली माणसं उठून समोर जातील, नाहीतर समोरचा झेंडा उठून आपल्याकडे येईल. आता समोर जायला जागा नाही आणि तिकडून यायला झेंडा नाही. भीती संपली, वाढ संपली. मामांना ती शेठची माया वाटायची. काही मायाही असेल. पण मायेला मागून कोणीतरी ढोसावं लागतं.

आणि एक सांगतो. आमचंही चुकलं. इतकी वर्षं आम्ही मामांच्या मंडळींना चुलीवरून टोमणे मारले, पण एकदाही रस्ता ओलांडून विचारलं नाही की तुम्ही येता का आमच्यात. आमचा करार झाला, आम्ही फटाके लावले, घरी गेलो. निवडणाऱ्या बायकांची नावंसुद्धा मला इथे लागल्यावर कळली.

युनियन नोंदवायला निदान सात सह्या लागतात. मी मामांना बोललो. ते काट्याच्या तबकावरची धूळ पुसत राहिले.

प्रेमराज

---

जळगाव,
२० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दुपारी लिहितो आहे. आज सकाळी उठून आंघोळ केली, डबा भरला, सायकल बाहेर काढली, आणि मग आठवलं की मला जायचं नाही. डबा घरीच बसून खाल्ला.

काय झालं ते ऐक. प्रेमराज सह्यांचं बोलत होता. सगळ्यांना पटत होतं, पण पहिलं नाव कोण देणार? नासीर म्हणाला, ज्याने भाव आणला त्याने द्यावं. टोमणा होता, पण मला बरोबर वाटला. मी म्हटलं, मी देतो. प्रेमराज म्हणाला की मामा तुम्ही नको, तुमचं वय झालं, मी देतो. मी त्याला सांगितलं, तू युनियनवाला म्हणून शेठची नजर आधीच तुझ्यावर आहे, तुझ्यामागे बायको-पोर आहे. तुझं नाव शेवटी. मी सत्तावीस वर्षांचा माणूस आहे, मला शेठ काय करणार?

मी सही केली. माझ्यानंतर चाळणीवरच्या एकाने केली, नासीरने केली, आणि बायकांतल्या एकीने. चार झाल्या. पाचवी व्हायच्या आत शेठला कळलं.

दुसऱ्या दिवशी शेठने मला आत बोलावलं. चहा दिला. म्हणाले, अभिमनभाऊ, काट्यावर आता कॉम्प्युटर बसवतो आहे, तुमचे डोळेही थकले, आता आराम करा. महिन्याचा पगार पाकिटात होता. सहीचा विषय त्यांनी काढला नाही.  मी कप विसळून ठेवला आणि निघालो.

आणि अक्का, त्याच संध्याकाळी शेठने पटांगणात सगळ्यांना बोलावलं. जुना भाव परत दिला. वर वीस रुपये दिले. कमी केलेल्या दोघी बायकांना परत बोलावलं. म्हणाले, आपण एका घरातली माणसं, घरातलं घरात बोलावं, बाहेरच्याची गरज काय? ज्या तिघांनी सह्या केल्या होत्या त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या मागे घेतल्या. नासीर घरी येऊन मला हे सांगून गेला. खाली बघून बोलत होता. मी त्याला म्हटलं, तू बरोबर केलंस. तुझी तीन पोरं आहेत.

प्रेमराज तेव्हाच काम सोडायला निघाला होता. मी त्याला दारात अडवलं. त्याला सांगितलं, तू सोडलंस तर मी फुकट गेलो. तो परत आत आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी कामाला गेला. आता त्यालाही सगळ्यांसारखा पाचशे रोज आहे, आणि खोलीही बघितली आहे. पुनमला आणि भूमिकेला बोलाव.

काल सुगराबी आली होती. बसली नाही. म्हणाली, भाऊ, माझी जागा परत आली, तुमची गेली, आता मी तुम्हाला कोणत्या तोंडाने भेटू? मी म्हटलं, आहे त्याच तोंडाने. ती हसली नाही. शेवग्याच्या शेंगा ठेवून गेली.

राग येत नाही. शेठचाही नाही. सगळं जसं असतं तसं आहे, फक्त त्यात मी नाही. चुलीवर शेंगा शिजत आहेत.

लोभ असू दे. हल्ली मला दुसरं काही तोलायचं नाही.

तुझा,
अभिमन

---

धुळे,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. पुनमला वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता भूमिकेचे कपडे पिशवीत भरत होती. मध्येच थांबली आणि विचारू लागली, आई, मी भरू का? मी म्हटलं, भर. तिला आनंद झाला होता आणि तो दाखवायची लाज वाटत होती. मी तिला म्हटलं, दाखव ग, मामासाहेबांनी त्याचीच किंमत मोजली आहे. मग ती रडली. मला रडू आलं नाही. मी भाजी चिरायला घेतली.

तुझं अभिनंदन करू की तुझ्यासाठी सुतक धरू, हे मला ठरवता येत नाही. मी एक मागितलं होतं, ती तिघं एका छपराखाली यावीत. ते आता होतं आहे. देवाकडे मागताना कोणाच्या खिशातून दे हे सांगायचं राहून गेलं.

मगनच्या गाळ्यावर गेले होते. त्याला धान्याची पारख असलेला माणूस हवा असं मागे बोलला होता. आधी मी विचारलं, तुझ्याकडे आहेत ते दोघं काय घेतात. त्याने सांगितलं. मग विचारलं, तिसरा घेतलास तर त्या दोघांचं काय? तो म्हणाला, एकाला कमी करीन, तिघं कशाला लागतात. मी त्याला चहा नको म्हटलं आणि उठून आले. घरी येऊन तासभर नुसती बसले. हे तुला सांगते आहे ते एवढ्यासाठी की इथे तुझ्यासाठी काम नाही. खोटं सांगून बोलावणार नाही.

तरी तू ये. मला पापड लाटायला माणूस लागत नाही, घरात माणूस लागतं. तुझं आणि माझं ऐकू न येण्याचं प्रमाण सारखंच आहे, तेव्हा भांडणाची भीती नाही. पेन्शन तुला नाही, मलाही नाही. दादरची भाकरी दोघांना पुरते.

पुनम आणि भूमिका पुढच्या शनिवारी सकाळच्या जळगाव गाडीने निघतील. प्रेमराजला कामावरून सुट्टी मागायला लावू नकोस, तूच स्टँडवर जा. भूमिकेला गाडीत उलटी होते, तिला मी खिडकीशी बसवीन. तीच गाडी तासाभराने धुळ्याला परत फिरते. कंडक्टरला मी विचारून ठेवलं आहे. त्या दोघी उतरतील, त्यांची पिशवी प्रेमराजच्या खोलीवर पोचव आणि तू चढ.

लोभ इथेच आहे, येऊन घेऊन जा.

तुझी अक्का,
भागाबाई